धुराड्यातला तडा

फिन्टन गवंड्याने छिन्नीवर शेवटचा घाव घातला आणि भिंतीतल्या जुन्या चुलीच्या तोंडावरच्या विटा धाडकन आत कोसळल्या. बावीस वर्षं आत कोंडलेली काजळी डेलियाच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पसरली.

तिच्या नवऱ्याला, मलाकीला, यंदा थंडी सोसत नव्हती. म्हणून तिथे लोखंडी शेगडी बसायची होती. तो घोंगडी गुंडाळून खुर्चीत बसला होता.

"धुराड्यातला तडा नीट बघ हं," डेलिया म्हणाली. "त्यापायीच तर चूल बुजवली."

फिन्टनने छपरावर जाऊन धुराड्याचं तोंड पोत्याने बंद केलं, खाली ओलं गवत पेटवून चुलीला फळी लावली आणि तो घरभर भिंती हुंगत फिरला. माळ्यावरही जाऊन आला.

"कसला तडा? तुझ्या पणज्याचं काम आहे ते. कुठूनही धूर फुटत नाही. कुणी डोक्यात भरवलं तुझ्या?"

डेलियाने मलाकीकडे पाहिलं. तो घोंगडीच्या दशा सारख्या करत होता.

या चुलीतला विस्तव पणज्यापासून कधी विझला नव्हता. रोज झोपताना निखारे राखेत पुरायचे, सकाळी फुंकून जागे करायचे. या घरातली मुलगी लग्न होऊन निघाली की बादलीत इथले निखारे घेऊन जायची. डेलिया एकुलती एक, म्हणून मलाकीच घरजावई होऊन आला. पुढे एके दिवशी त्यानेच तड्याची बातमी आणली. झोपेत धूर कोंडून सगळे मरू, म्हणाला.

आई तेव्हा चुलीमागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. ती म्हणाली होती, "अगं, ही भिंत माझ्या उशाशी आहे. तडा असता तर धूर आधी मला नसता का आला?"

"म्हाताऱ्या माणसाला वास कळत नाही गं," मलाकी म्हणाला आणि डेलियाला ते पटलं. निखाऱ्यांवर पाणी तिने स्वतःच्या हाताने ओतलं. त्या रात्री आईने उशी पायथ्याकडे घ्यायला लावली. पुढचे दोन हिवाळे, मरेपर्यंत, ती त्या भिंतीकडे पाय करून निजली.

"का रे?" डेलियाने विचारलं.

"जुनं झालं आता."

"मी आईला खोटं पाडलं, मलाकी. तुझ्यासाठी."

"गावात काय बोलायचे ठाऊक आहे? मलाकी सासूच्या चुलीवर शेकतो!" त्याला ढास लागली. "दात काढून हसायचे सगळे."

फिन्टन मान खाली घालून विटा गोळा करू लागला.

दुपार कलताना शेगडी बसली. मलाकीने काड्यापेटी पुढे केली, पण डेलियाने खुंटीवरची बादली काढली.

"पेगकडे निघालीस?" त्याचा चेहरा खुलला. पेग तिची चुलतबहीण, याच घरात वाढलेली. लग्नात तिनेही इथलेच निखारे नेले होते आणि ते तिने आजवर विझू दिले नव्हते. "बघ फिन्टन, आमची डेलिया मनात काही ठेवत नाही."

अंधारून आलं तरी दोघे गार शेगडीपाशी वाट पाहत होते.

पेगच्या स्वयंपाकघरात डेलिया चुलीशी हात शेकत बसली होती. बादली दाराशी रिकामी पडली होती.

"भरून देऊ का गं?" पेगने विचारलं.

"नको," डेलिया म्हणाली. "मला अंथरूण घाल. उशी चुलीकडे."