तिसरी बूम

हौदात तीन बूम होत्या, पाणी काठापर्यंत आणि तेल दोन लिटर. दोन बूम पाठ वर काढून तरंगत होत्या. तिसरी मधोमध झुकली होती आणि ट्रॅक्टरचं काळं, जळकं तेल तिच्यावरून निवांत पलीकडे चाललं होतं.

बूम म्हणजे समुद्रात सांडलेलं तेल अडवणारी लांब, तरंगती उशी. किनाऱ्यावरच्या एका कंपनीला ती कापसानं भरलेली हवी होती. शिरपूरजवळच्या या गावातल्या बायकांनी समुद्र पाहिला नव्हता, पण शिवण त्यांच्या हातात होती. नमुने तपासायचं काम बी.एस्सी. झालेल्या ज्योत्स्नाकडे होतं.

"सोजरबाई, टाके ढिले घातले तुमी," बचत गटाची प्रमुख रामीबाई म्हणाली. "समुद्राचं काम हाय हे, गोधडी नाही."

"माई गोधडी तुया नातवाच्या अंगावर हाय. उसवली काय?"

"मंग हे बुडाली काहून?"

सोजरबाई शिवण चाचपत राहिली.

"उद्यापासून तुमी कापूस भरा. शिवण दुसरं कोणी करन," रामीबाईनं सांगितलं.

तिसऱ्या बूममधला कापूस ज्योत्स्नाच्या घरचा होता. व्यापाऱ्याकडे न्यायच्या आदल्या संध्याकाळी वजन वाढावं म्हणून तिनंच, दरवर्षीसारखं, त्याच्यावर पाणी शिंपडलं होतं. गाडी आलीच नाही, आणि दाबून बांधलेली तीच गाठोडी वडिलांनी, पुंजाजींनी, गटाला दिली. सरकी काढताना तिच्या बोटांना ओल लागली होती. कच्चा कापूस पाणी झटकतो आणि तेल पितो, हे तिनंच बायकांना शिकवलं होतं. धाग्यांमध्ये आधीच पाणी अडकलं असेल तर तेलाला जागा उरत नाही, हेही तिला ठाऊक होतं. पण वडिलांचं नाव निघेल म्हणून ती गप्प बसली.

सोजरबाईनं शिवण उसवायला कात्री उचलली.

"काकू, उसवू नका. कापूस ओला होता. पाणी म्या शिंपडलं होतं."

"घ्या! व्यापाऱ्याले फसवता फसवता आमालेच फसवलं," रामीबाई म्हणाली. बायका हसल्या.

सोजरबाई हसली नाही. "आन् मी इथं टाके मोजून राह्यले, तवा तुले बोलता नाही आलं?"

ज्योत्स्नानं उरलेलं गाठोडं सर्वांसमोर काट्यावर ठेवलं आणि कापूस गच्चीवर उन्हात पसरला. संध्याकाळी तो पुन्हा तोलला. त्याचीच नवी बूम सोजरबाईनं शिवली, ज्योत्स्नानं हौदात सोडली.

सकाळचं वजन दहा किलो. संध्याकाळचं आठ किलो चारशे ग्रॅम. अर्ध्या तासात बूमपलीकडे गेलेलं तेल शून्य.