आईचा चुडा

चाकूरच्या अमीरबीला रीत विचारायची म्हणजे कॅलेंडरला वार विचारण्यासारखं होतं. बाई मनियार, बांगड्या भरणारी. पण पंचवीस गावांतल्या हिंदू घरांत कुठल्या कार्याला काय लागतं, हे त्या घरच्यांपेक्षा तिलाच जास्त ठाऊक. दिवसभर फोन यायचे. व्याह्याला दस्ती-टोपी आधी का नारळ आधी? जास्तीची एक बांगडी कोणत्या हातात? एका नव्या सुनेनं "बांगडी फुटली तर काय करू" असं विचारलं, तर अमीरबीनं तिला फोनवरच झापलं. "फुटली काय म्हणतीस गं? वाढवली म्हणावं. आईनं शिकवलं न्हाई का?" चाळीस वर्षांत तिनं एकही रीत चुकीची सांगितली नव्हती आणि त्याचा तिला चांगलाच तोरा होता. का नसावा? बांगड्या काय, आता कुठल्याही दुकानात मिळतात. लोक बोलवायचे ते तिच्या शब्दासाठी.

त्या दिवशी ती केवळाबाईच्या घरी चुडा भरायला गेली. केवळाबाईची एकुलती एक लेक पुनम पाटावर बसलेली, भोवती बायांचा हा गराडा. अमीरबीनं पेटी उघडली, हिरव्या बांगड्या काढल्या, आणि तिच्या ध्यानात आलं की केवळाबाई इथं नाही. ती आत, स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. नवरा ग्यानोबा जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हापासून शेत तिनं कसलं, पोरीला लातूरला ठेवून नर्सिंग शिकवलं, हे लग्नही तिनंच जमवलं. आणि आज मात्र आत, का तर चुड्याला विधवा समोर नको.

"दे बेटा हात," अमीरबी म्हणाली.

पुनमनं दोन्ही हात मांडीखाली घातले. "आधी आईच्या हातात भरा. मग माझ्या."

बायांत कुजबुज सुरू झाली. मग पुनमची आत्या, सुमनबाई, पुढं सरकली. बाई मनानं वाईट नव्हती, पण रीतीच्या बाबतीत तिचं डोकं म्हणजे पक्कं कुलूप. "अगं पोरी, असं कुठं असतंय का? तुझी माया कळती आम्हाला, पर रीत म्हणून काही हाय का न्हाई?"

"मग मला चुडाच नको," पुनम म्हणाली.

"आता काय करावं हिला," सुमनबाई हताश झाली. "अमीरबी, तूच सांग. हाय का अशी रीत? तू म्हणशील ते खरं."

सगळ्या बाया अमीरबीकडं बघायला लागल्या. दाराआडून केवळाबाई मान हलवत होती, नाही म्हण, मिटव एकदाचं.

रीत नव्हतीच. अमीरबीला ते नक्की माहीत होतं. खरं बोलावं तर आई कायमची दाराआड, आणि खोटं बोलावं अन् कुणी धरलं तर चाळीस वर्षांचा शब्द मातीत. तिची नजर स्वतःच्या मोकळ्या मनगटांवर गेली. तिचा नवरा जिलानी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण तिच्या हातानं चुडा भरून घ्यायला आजवर एकीनंही का-कू केली नव्हती. मनियारणीचा हात चालतो आणि जन्म दिलेल्या आईचा चालत नाही? वा रे शहाण्या. अमीरबीचं डोकंच सटकलं.

"हाय की," ती शांतपणे म्हणाली. "बाप नसलेल्या पोरीचा चुडा आधी आईच्या हातात भरायचा. पाच बांगड्या, हिरव्या. माझी सासू निजामाच्या टायमाला भरायची. इसरलात व्हय समद्या?"

निजामाचा काळ तिनं मुद्दाम घातला. आता तपासायला जाणार कोण?

सुमनबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. अमीरबी उगाच पेटीतल्या बांगड्या मोजायला लागली.

"हाव," सुमनबाई सावकाश म्हणाली. "आमची मोठी आई सांगायची असलं कायतरी. मीच इसरले बघा."

"बिलोलीकडं तर सात भरतात," मागून एक म्हातारी बोलली.

"सात न्हाई, पाचच. अन् वर गुळाचा खडा," तिसरी म्हणाली. पाच का सात यावर दोघींची चांगलीच जुंपली, आणि अमीरबीला हसू लपवायला पेटीत डोकं घालावं लागलं.

दोघींनी धरून केवळाबाईला आणलं. खुरपं धरून हात राठ झाला होता, बांगडी अंगठ्यापाशी अडली. अमीरबीनं तळवा दाबत, चोळत, एकेक बांगडी अलगद वर चढवली. पाचही नीट चढल्या. केवळाबाई रडत होती आणि रडता रडता लाजतही होती. लेक तिच्या गळ्यात पडली आणि मग तिनं दोन्ही हात आपणहून पुढं केले. अमीरबीला इतका आनंद झाला की तिचंच मोजायचं चुकलं, पुनमला दोन बांगड्या जास्त गेल्या.

निघताना केवळाबाई तिला ऑटोपर्यंत सोडायला आली. शिद्याची पिशवी हातात देत तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग अमीरबी, ही रीत कवापासनं हाय?"

"आज साडेअकरापासनं," अमीरबी म्हणाली. "आता मोडू नका म्हंजे झालं."