वडिलांचं नाव न घेता

वडील गेल्यानंतर उद्योजकांच्या मासिक बैठकीला मी रोह्याला जात राहिले. पेणला आमची लाकडी पॅलेट बनवायची शेड आहे. पॅलेट म्हणजे कंपन्यांत माल ज्यावर रचतात ती फळ्यांची चौकट. नवं काम आलं नाही, तर आमचे कारागीर जनूकाका आणि गोविंदा सोमवारपासून डोलवीला ठेकेदाराकडे जाणार होते. मग शेड बंदच.

हॉलमध्ये नेहमीसारखे सगळे आधी माझ्याकडे आले. हात जोडून, आवाज खाली आणून म्हणाले, "हैबतराव म्हणजे देवमाणूस." माझं कार्ड प्रसादासारखं घेतलं, न वाचता खिशात ठेवलं आणि चहाकडे वळले.

कँटीन चालवणाऱ्या गिरजाबाई शेजारी बसल्या होत्या.

"मनाली, इथं कामाला येतेस का दुखवट्याला?"

"कामाला."

"मग तसं सांग की गो! वर्षश्राद्ध व्हायचंय, पोरीला ऑर्डरीचं कसं विचारायचं, असं वाटतंय ह्यांना. ओळख करून द्यायला उभी राहिलीस की पहिलं 'कैलासवासी हैबतराव यांची मुलगी'. सगळ्यांच्या माना खाली. त्या वर येईपर्यंत तुझं मिनिट संपतंय."

ओळखीचं मिनिट माझ्याकडे आलं. सवयीनं वडिलांचं नाव ओठावर आलं. ते मी मागे घेतलं.

"मी मनाली. पेणला लाकडी पॅलेट बनवते. तयार पॅलेटवर न बसणारा, अडनिड मापाचा माल इथं कुणाकडे आहे?"

माना वरच राहिल्या. मागच्या रांगेतून एकजण बोलला. हर्षद, नव्यानंच वर्कशॉप टाकलेला.

"आमचे पाइप लांब आहेत. टोकं बाहेर राहून वाकतात. बघायला याल?"

"उद्या येते."

मग चहाच्या टेबलापाशी आम्ही बराच वेळ बोललो. लाकूड कुठलं, वजन किती पेलेल. मी कुणाची मुलगी हे त्याला ठाऊक नव्हतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

बाहेर येऊन जनूकाकांना फोन केला.

"सोमवारी डोलवीला जाऊ नका. उद्या रोह्यात माप घ्यायचंय, पाइपांचं."

"भाऊंच्या वळखीतलं हाय काय?" वडिलांना ते भाऊ म्हणायचे.

"नाही. त्यांचं नाव घेतलंच नाही मी."



"बरं," ते म्हणाले. "गोविंदाला सांगतो मी. मोठा टेप ने. छोटा पुरायचा नाय."