हौदातला पीकॉक बास

मित्रांनो, मी एक हातभर वाढलेला पीकॉक बास मासा आहे. माझे पूर्वज दूर दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले. मी मात्र टाकीत जन्मलो. अंगावर काळे पट्टे, शेपटीवर डोळ्यासारखा ठिपका. मी देखणा आहे हे मलाच सांगावं लागतं, कारण आता दुसरं कोणी सांगत नाही.

रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या धनेशने मला पेणच्या दुकानातून आणलं, तेव्हा मी बोटाएवढा होतो. पाहुणे आले की तो आधी मला दाखवी, मग चहाचं विचारी. त्याची बायको दिपिका मला कोलंबी घाली. मी खात गेलो, वाढत गेलो. टाकीतले सोनेरी मासेही मटकावले. शेवटी काचेत मला वळताही येईना. कौतुक आटलं, पाणी गढूळ झालं. फार वाईट दिवस होते ते.

धनेशची आई ठमाबाई, तिला माझी कीव आली. त्यांच्या गावात घरामागच्या तळ्यात जिताडे मासे वाढवतात. खाडीतून पिल्लं आणायची, तळ्यात सोडायची आणि मोठी होईपर्यंत वाट बघायची. ती म्हणाली, "यालापन तल्यात सोडू. जिताड्यासारखा वाढंल."

त्याच सकाळी शेजारच्या कान्हूने धरमतरच्या खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून दिली होती. ठमाबाईने मला टाकीतून टबात घेतलं आणि एकाच खेपेत काम व्हावं म्हणून ती पिल्लंही त्यातच ओतली. मी उपाशी होतो, मित्रांनो.

दिपिका आणि कान्हूने टब तळ्यापाशी नेला, तेव्हा तिने आत पाहिलं. "दिपिका, पिल्लं कुठं गेली गो?"

"आई, यानंच खाल्ली! तल्यात गेला तर काय ठेवायचा नाय."

कान्हू भडकला. "पहाटेपासून चिखलात उभा होतो मी! कापा त्याला, कालवण तरी होईल."

मी निपचित पडून राहिलो. ठमाबाई माझ्याकडे बघत होती.

"त्याला काय ठावं? चूक माजी हाय," ती म्हणाली. "गुरांचा हौद रिकामाच हाय. तिथं राहील."

तेव्हापासून मी हौदात आहे. इथे वळता येतं. ठमाबाई मासळीचे तुकडे टाकते, दिपिका पाणी बदलते. मित्रांनो, दुकानातलं पिल्लू आवडलं, तर ते केवढं होणार हे आधी विचारा. आणि सांभाळणं जमेना, म्हणून दया करून तळ्यात किंवा नदीत सोडू नका. तिथल्या माशांना माझ्यासारख्यापासून पळायचं कसं, हे माहीत नसतं.

ते तळं हौदाच्या पलीकडेच आहे. जिताड्याने उडी मारली की मला ऐकू येतं. मला तिथे जायचं असतं, फार जायचं असतं. तरी तुम्ही मला जाऊ देऊ नका.