बसलेल्यांचा रकाना

“काका, इथे बसलेली माणसं लिहायची,” संशोधन करणाऱ्या मुलीने तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. “चौक एवढा रुंद केला, तरी इथे कुणी थांबत का नाही, तेच शोधायचंय.”

मोजणीवाल्याने तक्ता हातात घेतला. नगररचना कार्यालयासाठी तो एकतीस वर्षं चौकाचौकांत उभा राहून माणसं आणि गाड्या मोजत आला होता. हातातल्या यंत्राच्या आवाजावरून कचेरीने त्याचं नावच टिकटिक ठेवलं होतं. आपली मोजणी एका आकड्यानेही चुकत नाही, याचा त्याला भारी तोरा होता.

सात वर्षांपूर्वी याच चौकाची मोजणी त्याच्याकडे आली होती. तेव्हा इथे झाड होतं आणि झाडाखाली दोन बाकं. त्यांवर त्याचे वडील आप्पा, एक घड्याळवाला, एक शिंपी आणि एक निवृत्त पोस्टमन रोज संध्याकाळी ठाण मांडून बसत. जगातल्या तमाम सरकारांना नावं ठेवून झाल्याशिवाय ही चौकडी काही उठत नसे.

“आम्हाला मोजलंस का रे?” आप्पांनी तेव्हा विचारलं होतं.

“चालणाऱ्यांना रकाना आहे, आप्पा. बसलेल्यांना नाही.”

“घ्या! म्हणजे आपण खिजगणतीतच नाही!” चौघेही पोट धरून हसले. टिकटिकही हसला.

अहवालात आलं, बाकांची जागा वापरात नाही. त्याने ते वाचलं होतं. साहेबांपाशी जाऊन एक वाक्य बोललं असतं तर भागलं असतं. पण आपण आपले आकडे द्यावेत, नसती उठाठेव कशाला, म्हणून तो मूग गिळून बसला. बाकं गेली, झाड गेलं, गाड्यांना आणखी एक मार्गिका मिळाली. चौकडी पांगली. घड्याळवाला वारल्याचं आप्पांना पंधरा दिवसांनी कळलं, तेही किराणा दुकानात. घरी येऊन ते लेकाला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटे.

दिवसभर शेवटच्या रकान्यात शून्यच पडत गेलं. पाचच्या सुमाराला काठी टेकत आप्पा आले आणि कठड्याला धरून उभे राहिले.

“आज काय मोजतोयस?”

“बसलेली माणसं.”

“किती झाली?”

त्याने तक्ता पुढे केला. आप्पांनी शून्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं.

“आप्पा, तेव्हा मी साहेबांना सांगायला हवं होतं.”

“हवं होतं खरं,” आप्पा म्हणाले.

मग त्यांनी काठी लेकाच्या हातात दिली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी कण्हत, कुंथत पदपथाच्या कडेवर बसकण मारली. शेजारची धूळ हाताने झटकली. मित्रांसाठी ते बाक असंच झटकत.

“हं. मोज आता.”

टिकटिकने एक लिहिला. शेजारी बसावं असं त्याला फार वाटलं. पण मोजणी संपायला अजून तासभर होता, आणि मोजणाऱ्याने बसायचं नसतं. काठी धरून तो उभाच राहिला.