टॉर्चलाच दिसणारी धूळ

आधी एक करून पाहा. डोक्यावरचा एक केस उपटा. ओरडू नका, एकच तर! आता एक डोळा मिटा, तो केस उघड्या डोळ्याच्या अगदी जवळ धरा आणि खिडकीतून लांबचं झाड बघा. केस कुठे गेला? विरघळला. झाड मात्र पानापानासकट जागच्या जागी आहे. हा केस ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता अशी कल्पना करा की तुम्ही एका अरुंद दुकानात शिरला आहात. समोर टेबल, त्यावर हिरव्या रबराची चटई. स्क्रू ठेवायला बाटल्यांची झाकणं, हवा मारायचा रबरी फुगा, मान वाकवता येणारा दिवा. टेबलामागे एक आजोबा बसलेत. त्यांच्या कानामागे पेन्सिल आहे. कॅमेऱ्यांच्या लेन्स दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. टेबलाच्या अलीकडे स्टुलावर त्यांची नात. घरात ती एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. या स्टुलावर मात्र ती शहाण्यासारखी बसायची, कारण इथे तिच्या हातात टॉर्च असायचा.

"आजोबा, ही नळी तर बंद आहे. मग धूळ आत जाते कुठून?"

"तू पळत आलीस की काय करतेस?"

"धापा टाकते."

"झूम लेन्सही तेच करते. नळी बाहेर ओढली की हवा आत घेते, आत ढकलली की बाहेर सोडते. हवेबरोबर धूळ येते. येते ती सगळी परत जात नाही, पाहुण्यांसारखी."

"मग तिला शिंक येत नाही?"

"तिची शिंक आपण काढायची."

आजोबांचा एक नियम होता. लेन्सच्या तोंडाशी एक कडं असतं, त्यात पुढचं भिंग बसवलेलं असतं. ते कडं सैल करण्याआधी कडं आणि नळी या दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ पेन्सिलने मारायची. परत बसवताना रेघेला रेघ जुळली पाहिजे. कडं केसभर जरी तिरकं बसलं तरी फोटोची एक बाजू स्वच्छ येते आणि दुसरी पाघळते. "रेघ न मारता स्क्रू हलवणारा," आजोबा म्हणायचे, "म्हणजे दार कुठे आहे ते न बघता घराबाहेर पडणारा." भिंगरीला हे वाक्य झोपेतसुद्धा पाठ होतं.

भिंगरीची आई फोटो काढायची. ओळखपत्रांचे, वाढदिवसांचे, रांगेत उभ्या केलेल्या शाळांचे. याच दुकानात, याच स्टुलावर बसून ती मोठी झालेली. आता एका वर्तमानपत्राने तिला बोलावलं होतं. शनिवारी फुटबॉलचा अंतिम सामना होता. त्याचे फोटो पसंत पडले तर कायमची जागा मिळणार होती. आई त्या आठवड्यात स्वयंपाक करताना गुणगुणत होती आणि भाजी दोनदा करपली तरी कुणावर चिडली नाही.

शुक्रवारी दुपारी तिने आपली झूम लेन्स पुसून टेबलावर ठेवली. आजोबांनी सवयीने टॉर्च उचलला आणि लेन्सच्या मागून आत प्रकाश टाकला.

"अगं, ही लेन्स आहे की पिठाची गिरणी?"

"असू द्या बाबा. फोटोत काही येत नाही."

"दुरुस्तीवाल्याची लेक, आणि लेन्समध्ये धूळ! लोक काय म्हणतील?"

"लोक माझ्या लेन्समध्ये टॉर्च घालून बघत नाहीत. उद्याचा दिवस जाऊ द्या, मग काय करायचं ते करा. आज हात लावू नका."

"नाही लावत, बाई."

आई मैदानावर शिरायचा पास आणायला गेली. आजोबा थोडा वेळ दुसऱ्याच एका लेन्सकडे बघत बसले. मग त्यांनी आईची लेन्स पुढ्यात ओढली.

"आजोबा, आई नको म्हणाली."

"तिला काय कळतंय? ती यायच्या आत आरशासारखी करून ठेवतो. खूश होईल. टॉर्च धर."

भिंगरीने टॉर्च धरला. मुलांनो, तिला दोष देऊ नका. ज्यांनी आपल्याला सगळं शिकवलं, त्यांनी टॉर्च धर म्हटलं की आपण धरतोच.

आजोबांनी नळीवरची रबरी पट्टी सोडवली. खालचे स्क्रू दिसले. त्यांचा हात पेन्सिलीकडे गेला, कानापाशी थांबला, आणि तसाच खाली आला.

"आजोबा, रेघ?"

"रेघ नवशिक्यांनी मारायची असते."

तसं नव्हतं. अलीकडे त्यांचा हात थरथरायचा. स्क्रू फिरवताना दुसऱ्या हाताचा टेकू देता येई, रेघेचं तसं नाही. ती थेट उतरते, आणि हाताची सगळी चुगली कागदावर नाहीतर धातूवर करते. वाकडी रेघ नातीला दिसली असती. न मारलेली रेघ कुणाला दिसत नाही.

धूळ निघाली. भिंग कोरड्या आभाळासारखं लख्ख झालं. कडं परत बसलं, रबरी पट्टी पिवळ्या गोंदाने चिकटली. आजोबांनी टॉर्च मारून दाखवला. "बघ! एक कण सापडला तर सांग." खरंच एकही कण नव्हता. आई आली तेव्हा "सांगू नकोस हं," असं ते पुटपुटले, आणि भिंगरीला वाटलं, ही एक गोड गंमत आहे.

शनिवारी सामना रंगला. आईने पळणारे पाय टिपले, हवेतला चेंडू टिपला. शेवटी जिंकलेला संघ चषक घेऊन उभा राहिला, तोही टिपला. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. वर्तमानपत्राच्या कचेरीत तेच फोटो मोठ्या पडद्यावर लागले, तेव्हा संपादकबाईंनी चष्मा वर सरकवला.

"फोटो जिवंत आहेत हो तुमचे. पण उजवीकडच्या चार खेळाडूंना काय झालंय? पावसात भिजलेल्या चिठ्ठीसारखे दिसतायत."

सगळ्याच फोटोंची उजवी बाजू तशी होती. जागा दुसऱ्याला गेली.

संध्याकाळी आईने लेन्स टेबलावर ठेवली. आपटली नाही. आपटली असती तर बरं झालं असतं.

"हिला कुणी हात लावला?"

आजोबा एक स्क्रू घासत होते. तो आधीच चकचकीत होता.

"बाबा, मी विचारतेय."

"मला काय माहीत?" आजोबा मान वर न करता म्हणाले. "ही पोरगी खेळत होती तिच्याशी. पडली असेल हातातून."

भिंगरीने आजोबांकडे पाहिलं. ते आता थट्टा करून हसतील, असं तिला वाटलं. त्यांनी स्क्रूवर फुंकर मारली.

"मी नाही पाडली," ती म्हणाली. "आई, मी खरंच..."

"पुरे. तुझा कॅमेरा आण."

भिंगरीचा छोटा जुना कॅमेरा कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागलं. ती रडली नाही. रडायला आधी काय झालंय ते समजावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खिडकीत बसून ती लेन्स हातात फिरवत होती. रबरी पट्टीच्या कडेला पिवळ्या गोंदाचा एक थेंब सुकला होता. आई तो नखाने खरवडत होती. भिंगरी जवळ गेली. ज्या बाईचं बालपण त्या गोंदाच्या वासात गेलं, तिला तो थेंब कुणाचा हे कळायला किती वेळ लागणार?

"आई, तुला माहीत होतं?"

आईचं नख थांबलं.

"काल विचारलंस, तेव्हाच माहीत होतं?"

"हळू बोल," आई म्हणाली. "त्यांचं वय झालंय. तोंडावर बोलले असते तर त्यांनी दुकानाला टाळं लावलं असतं. त्यांच्यापाशी दुसरं आहे काय?"

"आणि मी?"

"तू लहान आहेस. विसरशील."

तिने कपाट उघडून कॅमेरा परत दिला. भिंगरीने तो घेतला नाही. मुलांनो, लहान माणूस विसरतं, असं मोठ्यांना का वाटतं कोण जाणे. काल चष्मा कुठे ठेवला ते मी विसरतो. पण तुमच्या वयात माझ्याशी कोण कसं वागलं, ते विचारा, एकेकाचा चेहरा सांगेन.

चार दिवसांनी दुकानात एक गिऱ्हाईक आलं, पक्ष्यांचे फोटो काढणारा एक उंच माणूस. गळ्यात कॅमेरा, त्याला हातभर लांब लेन्स.

"काका, आत धूळ गेलीय असं वाटतं. काळजी करण्यासारखं आहे का?"

"बघू," आजोबा म्हणाले. गिऱ्हाइकाने लेन्स कॅमेऱ्यावरून काढून टेबलावर ठेवली, आणि आजोबांनी टॉर्च भिंगरीपुढे सरकवला. मधे जणू काही घडलंच नव्हतं. "धर ग."

भिंगरीने प्रकाश टाकला. आत चांदणं पडावं तसे कण चमकले. गिऱ्हाइकाने वाकून आत पाहिलं.

"बाप रे! एवढी? आणि परवाच मला लांब जायचंय, वर्षातून एकदाच येतात ते पक्षी."

"ठेवून जा. उद्या आरशासारखी करून देतो."

आजोबांनी लेन्स ओढून घेतली. पट्टीची कड उचकटायला त्यांचं बोट वाकलं, आणि थरथरलं. पेन्सिल कानामागेच होती.

भिंगरीने टॉर्च बंद केला.

"काका, लेन्स कॅमेऱ्याला लावा आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा."

"ए, आगाऊ!" आजोबा म्हणाले.

त्या माणसाला गंमत वाटली. त्याने लेन्स उचलली, कॅमेऱ्याला लावली, फोटो काढला, तो पडद्यावर मोठा करून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. भिंत स्वच्छ होती. एकही ठिपका नव्हता.

"ही धूळ टॉर्चलाच दिसते," भिंगरी म्हणाली. "फोटोला नाही दिसत, डोळ्याला टेकवलेल्या केसासारखी. माझी आई सांगत होती, तिचं कुणी ऐकलं नाही."

"तोंड आवर!" आजोबांचा आवाज चढला. मागच्या दारात आई येऊन उभी राहिली होती. तिने "भिंगरी" एवढंच म्हटलं.

गिऱ्हाईक एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा मुलीकडे बघू लागलं. "मग काय, उघडायची नाही म्हणतेस?"

भिंगरी स्टुलावर उभी राहिली. टेबलावरून वाकली. आजोबांच्या कानामागची पेन्सिल तिने काढून घेतली आणि त्या परक्या माणसाच्या हातात दिली.

"उघडायचीच असेल," ती म्हणाली, "तर आधी रेघ तुम्ही मारा."