मोहाखालचा खराटा

हमीसीच्या पत्राला चंपतरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन तिसरा उन्हाळा लागला होता. धरमपेठेतल्या त्यांच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटात ते ठेवलं होतं तिथेच होतं. हल्ली त्या फळीवरचं पुस्तक काढायचंही ते टाळत.

जंगल खात्यातले मोजणीदार म्हणून ते दोन वर्षं टांझानियात राहून आले होते. हमीसी तिथे त्यांच्याबरोबर मोजणीची साखळी धरायचा. त्याच्या गावची माणसं पोकळ ओंडके रानातल्या झाडांवर टांगत आणि त्यांत मधमाश्या बसत. प्रत्येक ओंडक्यावर घराची खूण कोरलेली असे. दुसऱ्याच्या खुणेला कोणी हात लावत नसे.

ते पाहून, एरवी चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या चंपतरावांना एका संध्याकाळी शेकोटीपाशी बोलायचा उमाळा आला होता. आमच्याकडे मोहाचं असंच आहे, ते म्हणाले होते. झाड सरकारी रानातलं, पण फुलं पडायच्या आधी जो त्याच्याखाली झाडून घेतो, फुलं त्याची. कागद लागत नाही. हमीसीनं ते आपल्या भाषेत सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या होत्या.

आणि आता हमीसीनं लिहिलं होतं की सरकार विखुरलेली घरं सडकेच्या कडेला आणून वसवत आहे, मागचं रान तंबाखूसाठी तोडायचं घाटतं आहे. कोणाची झाडं कुठे ते लिहून द्यावं, असं आम्हा तरुणांचं म्हणणं. म्हातारे तुमचं नाव घेऊन सांगतात, की कागद लागत नाही. तुम्ही म्हणाल तसं करू.

पत्र आलं त्याच वर्षी चंपतरावांच्या थोरल्या बहिणीचं, बायजाबाईंचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. मग काय लिहिणार? शिवाय आपण कोण सांगणारे, असं म्हणत त्यांनी दिवस काढले.

चैतात एका सकाळी ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, सक्करदऱ्याला, गाव बुडाल्यापासून तिथे राहणाऱ्या बहिणीकडे गेले. बायजाबाई गल्लीतल्या कडुनिंबाखाली झाडत होत्या. रोजच झाडतात, असं शेजारणीनं ओट्यावरून सांगितलं.

"कार्पोरेशनात लावून द्या गा तुमच्या बहिणीले," ती म्हणाली, "पगार तरी भेटन."

चहा झाल्यावर चंपतरावांनी अडखळत पत्राचं सांगितलं. आपल्या मोहाची गोष्ट आफ्रिकेत पोचली, याचं बायजाबाईंना आधी हसू आलं. मग त्या खराट्याच्या काड्या जमिनीवर ठोकून सारख्या करत बसल्या. धरणाच्या भरपाईसाठी मोजणी झाली त्या दिवशी घर लिहिलं, वावर लिहिलं, असं त्यांनी सांगितलं. मोहाची झाडं बायजाबाईंनी स्वतःहून दाखवली होती.

"सायब म्हने, झाडं कोनाची? म्या म्हनलं, माही. तो म्हने, कागद दाखव. म्या खराटा दाखवला."

चंपतरावांनी त्यांच्या हातातल्या खराट्याकडे पाहिलं.

"सारे हासले गा. मंग मी बी हासली."

लिहून ठेवलं असतं तर झाडं वाचली असती का, असं चंपतरावांनी विचारलं.

"पान्याले का वाचता येते?" बायजाबाई म्हणाल्या. "झाडं तं गेलीच असती. पन कोनी हासलं नसतं."

घरी येऊन ते लिहायला बसले. उशिराची माफी मागता मागता पहिला कागद भरला, तो त्यांनी फाडला. दुसऱ्यावर एवढंच लिहिलं की मी शेकोटीपाशी जे बोललो ते धरू नका. झाडं, खुणा, घरांची नावं, सगळं लिहून द्या आणि एक नक्कल गावात ठेवा. त्यानं रान वाचेल असं मी म्हणत नाही. माझ्या बहिणीचं वाचलं नाही. मग खराट्याची हकीकत, जशी ऐकली तशी.

पोस्टातल्या कारकुनानं पत्ता वाचून, हे गाव आहे का अजून, असं सहज विचारलं. तसं तो परदेशी पत्त्यांबद्दल नेहमीच विचारत असेल. माहीत नाही, असं चंपतरावांनी सांगितलं. तिकिटं लावली, कडा दाबून पाहिल्या आणि पाकीट पेटीत टाकलं.